आजची भाकर, आजचे स्तोत्र

उपवासकाळ आपल्याकडे येतो तो वर्षातल्या सगळ्यात हिशेबी महिन्यांत. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा काळ फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान पडतो. गहू-हरभरा काढायला आलेला असतो आणि अवकाळी कधी गाठेल याचा नेम नसतो. मार्चअखेरची वसुली दारात उभी असते. मुलांच्या परीक्षा आणि पुढच्या वर्षाची फी एकदमच समोर येतात. काही तालुक्यांत टँकर सुरू झालेले असतात, शहरांत कुणाची नोकरी जाणार याची कुजबुज चाललेली असते. अशा वेळी उपासनेत आपण ऐकतो की देव पुरवतो. ते खरे आहे, आणि मी तसेच मानतो. पण ज्याच्या घराच्या हप्त्याची तारीख चार दिवसांवर आली आहे, त्याने हा भरवसा धरायचा कसा, हे त्याला फारसे कुणी सांगत नाही. स्तोत्रसंहिता ते सांगते, आणि पुष्कळ बारकाईने सांगते. म्हणून या चाळीस दिवसांत ती कशी वाचावी याबद्दल काही लिहितो आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. पुष्कळ भाविकांना वाटते की काळजी वाटणे हीच अविश्वासाची खूण आहे, म्हणून ते प्रार्थनेला बसताना काळजी बाहेर ठेवतात, देवाचे आभार मानतात, स्तुती करतात आणि उठल्यावर ती काळजी पुन्हा उचलून घेतात. १५० स्तोत्रांचा मोठा हिस्सा मात्र तक्रारीचा, रडण्याचा, जाब विचारण्याचा आहे. दावीद, आसाफ, कोरहपुत्र यांच्या नावे असलेल्या या प्रार्थना मंदिरात, चारचौघांत म्हटल्या गेल्या. स्वतःची भीती देवापुढे मोठ्याने बोलणे हा इस्राएलाच्या उपासनेचाच भाग होता. तेव्हा पहिल्या आठवड्यात सुरुवात स्तुतीच्या स्तोत्राने करू नका. १३ वे उघडा.

हे अगदी छोटे स्तोत्र. आरंभीच दावीद देवाला चार वेळा विचारतो की हे असे कुठवर चालायचे. त्याला वाटते आहे की देव त्याला विसरला आहे. मनातल्या मनात तेच ते घोळवून तो थकला आहे. हे स्तोत्र डोळ्यांनी नव्हे, आवाज करून वाचा. घरात शक्य नसेल तर गच्चीवर जा, शेतात जा. या प्रश्नांपाशी आल्यावर थांबा आणि तुमची गोष्ट तिथे घाला. नुसते ‘आर्थिक अडचण’ असे म्हणू नका. रक्कम सांगा, तारीख सांगा, ज्याच्याकडून उसने घेतले त्याचे नाव सांगा, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तपासणीचे नाव सांगा. देवाला ते माहीत नसते म्हणून नव्हे. धूसर भीती माणसाला चारी बाजूंनी वेढते, नाव दिलेली भीती समोर ठेवता येते. मग शेवटच्या ओळी वाचा, जिथे दावीद देवाच्या दयेवर भरवसा टाकतो आणि गाण्याची भाषा करतो. इथे एक गोष्ट नीट पाहा. मधल्या काळात त्याची परिस्थिती बदलली असे स्तोत्र कुठेच म्हणत नाही. शत्रू आहे तिथेच आहे. बदलला आहे तो दावीद कुणाशी बोलतो आहे एवढाच भाग. स्तोत्र सुरू होण्याआधी तो स्वतःच्या मनाशी बोलत होता, आता देवाशी बोलतो आहे. तुमच्या मनाला शेवटच्या ओळी पटत नसतील तरी त्या मोठ्याने म्हणा. पटण्याची वाट पाहत बसू नका.

रात्रीची काळजी वेगळी असते. दोन वाजता जाग येते, हात मोबाइलकडे जातो आणि मग बातम्या, बँकेची शिल्लक, सोन्याचा भाव असे करत पहाट होते. अशा रात्रींसाठी ७७ वे स्तोत्र आहे. आसाफाला झोप नाही, डोळा मिटू देत नाही तो देवच असे त्याला वाटते, आणि देवाचे नाव काढले तरी त्याला कण्हायला होते. तो स्पष्ट विचारतो की देवाची दया आता संपली का. एवढे बोलून झाल्यावर तो एक काम करतो, जुने दिवस आठवू लागतो. लाल समुद्रातून वाट निघाली ती रात्र त्याला आठवते. उशाशी बायबल आणि एक वही ठेवा. जाग आली की ७७ वाचा आणि वहीत एकच ओळ लिहा: पूर्वी कधी, कुणाच्या हातून, काय पुरवले गेले होते. कुणी शाळेची फी भरली होती, कुणी ऐन बाळंतपणात रक्त दिले होते, कुणी शब्द टाकून नोकरी लावली होती. हे उपवासकाळात रोज केलेत तर शेवटी तुमच्या हातात तुमच्या घराचे ७७ वे स्तोत्र असेल. मुलांनाही ते वाचून दाखवा. ७८ व्या स्तोत्राचा आरंभ नेमका तसाच आहे. आसाफ म्हणतो की वाडवडिलांकडून जे ऐकले ते आम्ही पोरांपासून लपवणार नाही.

७८ वे स्तोत्र लांबलचक आहे, ७२ वचनांचे. ते दोन-तीन बैठकांत वाचा, पण सोडू नका. पुरवठ्याविषयीचा सगळ्यात महत्त्वाचा धडा त्यात आहे. अरण्यात लोकांनी विचारले की या ओसाडीत देव आम्हांला पंगत वाढू शकतो काय. प्रश्न बोचरा आहे, आणि विचारणारे ते लोक समुद्र ओलांडून आलेले होते. देवाने मान्ना दिला. या गोष्टीचा तपशील निर्गमच्या १६ व्या अध्यायात आहे आणि तो स्तोत्राला जोडून वाचायला हवा. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचे माप. ज्याने जास्त गोळा केले त्याला जास्त झाले नाही, ज्याने थोडे गोळा केले त्याला कमी पडले नाही. ज्यांनी उद्यासाठी म्हणून लपवून ठेवले त्यांच्या भांड्यात सकाळी किडे झाले आणि दुर्गंध सुटला. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट मिळायचे आणि ते टिकायचे. चाळीस वर्षे हे चालले.

देव वर्षाचे कोठार एकदम भरून देऊ शकत होता. मिसरमध्ये योसेफाच्या हातून त्याने सात वर्षांचे धान्य साठवूनही घेतले होते, तेव्हा साठवण करणे पाप आहे असा याचा अर्थ नाही. विमा काढा, भविष्य निर्वाह निधीत पैसे ठेवा, बियाणे राखून ठेवा. अरण्यातला धडा वेगळा होता. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या फारोच्या विटा मोजत आले होते त्यांना रोज सकाळी तंबूबाहेर येऊन त्या दिवसापुरते उचलायला शिकायचे होते. प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण आजची भाकर मागतो, ती याच वळणाची. आपली बहुतेक काळजी उद्याच्या ओमरची असते. आजचा ओमर पदरात पडलेला असतो, पण तो आपण मोजलेलाच नसतो. या काळात रात्री जेवणाआधी घरातल्या प्रत्येकाने आज काय मिळाले ते एका वाक्यात सांगावे. मोठे काही नको. ‘आज आजीचा ताप उतरला’ एवढे पुरे. आभाराची ही सवय जडली की मग उद्याचा विचार करायला मन मोकळे होते.

येथे उपवासाचा संबंध येतो. उपवासकाळाचे चाळीस दिवस प्रभूच्या अरण्यातल्या चाळीस दिवसांवरून आले. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात, त्यांतले सहा रविवार वगळले की चाळीस उरतात. अरण्यातली पहिली परीक्षा भाकरीची होती, हे आपण पटकन विसरतो. भुकेल्या प्रभूने दगडांची भाकर केली नाही. त्याने उत्तर दिले ते अनुवादातल्या त्या वचनाने, जे मोशेने मान्न्याचा अर्थ सांगताना उच्चारले होते. पुढे मात्र त्याच प्रभूने हिरव्या गवतावर पाच हजारांची पंगत बसवली आणि टोपल्या भरून उरले. ७८ व्या स्तोत्रातला तो बोचरा प्रश्न ज्यांनी त्या दिवशी मनात म्हटला असेल, त्यांना उत्तर मिळाले. त्याने स्वतःसाठी जे केले नाही ते दुसऱ्यांसाठी केले. उपवासाकडे असे पाहिले तर तो अन्नाचा तिरस्कार राहत नाही.

मधुमेह असलेल्यांनी, गरोदर बायांनी, आजाऱ्यांनी, म्हाताऱ्या माणसांनी जेवण सोडू नये. कुठलीही मंडळी त्यांच्याकडून ती अपेक्षा ठेवत नाही. त्यांनी रात्री नऊनंतर मोबाइल बंद ठेवण्याचा उपवास करावा. अस्वस्थ काळात हा उपवास अनेकांना जेवणापेक्षा अवघड जातो, म्हणूनच तो करावा.

आता ९१ वे स्तोत्र. संकटात सगळ्यात जास्त वाचले जाणारे हेच. कोविडच्या काळात कितीतरी घरांच्या दारांवर ते चिकटवलेले होते. त्यातली संरक्षणाची भाषा मोठी आहे, पाखरांच्या पंखांखालची, देवदूतांनी हातांवर झेलण्याची. पण उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी आपण प्रभूच्या परीक्षेचा वृत्तान्त ऐकतो, आणि त्यात हे स्तोत्र कोण म्हणतो ते लक्षात घ्या. सैतान म्हणतो. मंदिराच्या शिखरावर उभे करून तो याच स्तोत्राच्या आधारे येशूला खाली उडी टाकायला सांगतो. वचन खरेच होते. ते देवाला अडकवण्यासाठी वापरले जात होते. ‘मी एवढी प्रार्थना केली, आता हा रोग होताच कामा नये’ असे म्हणत आपणही शिखराच्या कडेला जाऊन उभे राहतो, आणि मग तसे घडले नाही की आपला विश्वासच खोटा होता अशी खूणगाठ बांधून घेतो. ९१ जरूर वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. तिथे देव म्हणतो की संकटात मी याच्याबरोबर असेन. संकट येणारच नाही असे तो म्हणत नाही.

याहून अवघड आहे ते ३७ वे स्तोत्र. त्यात दावीद म्हातारपणी मागे वळून सांगतो की नीतिमान माणूस टाकला गेल्याचे आणि त्याची मुले भीक मागताना त्याने कधी पाहिले नाही. ज्यांच्या घरी चूल पेटली नाही अशा श्रद्धावंतांसमोर हे वचन वाचताना आवाज कापतो, आणि तो कापायला हवा. पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. १८७४ च्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि मग थोरली बहीण उपासमारीने गेली. अनंतशास्त्री धर्मशील, विद्वान माणूस. तीर्थांतून पुराणे सांगत फिरणारे. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. पुढे ख्रिस्ती झालेल्या त्या बाईने हेच स्तोत्र मूळ हिब्रूतून मराठीत आणले आहे. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना अन्न मिळाले, अक्षर मिळाले, शेती, विणकाम, छपाई अशी कामे हातात आली. रमाबाईंचे मराठी बायबल केडगावलाच छापले गेले. त्याचे काम पुरे करून त्या ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या आणि १९२४ मध्ये ते पूर्ण बायबल प्रसिद्ध झाले.

३७ व्या स्तोत्रातल्या त्या अवघड वचनाच्या लगेच पुढे काय आहे ते पाहा. नीतिमान माणूस सदा उदार असतो, उसने देत राहतो, असे दावीद सांगतो. मला ही दोन वचने एकमेकांपासून तोडता येत नाहीत. कुणाची मुले भीक मागत नाहीत, कारण शेजारी कुणी तरी देणारा आहे. ज्या समाजात तो देणारा नाही, तिथे अनंतशास्त्र्यांसारखी माणसेही उपाशी मरतात, आणि तो दोष त्या मेलेल्यांच्या विश्वासात शोधणे हा मोठा अन्याय आहे. १४६ वे स्तोत्र देवाचे वर्णन करते ते भुकेल्यांना अन्न देणारा, परक्यांना सांभाळणारा, विधवा आणि अनाथ यांना आधार देणारा असे. तो हे बहुतेक वेळा माणसांच्या हातून करतो. म्हणून उपवास केलेल्या जेवणाचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा. यशयाचा ५८ वा अध्याय उपवासकाळाच्या आरंभीच वाचला जातो तो त्यासाठीच. भुकेल्याशी भाकर वाटून न घेता केलेला उपवास देवाला नको आहे. पाकीट मंडळीच्या पेटीत घाला किंवा थेट एखाद्या घरी द्या. देताना आवाज नको.

आणि घेणाऱ्याच्या जागी तुम्ही असाल तर? आपल्या मंडळ्यांमधून हे सगळ्यात जड जाते. पांढरपेशा घरात कर्ज लपवले जाते, नवरा बायकोला सांगत नाही, मुलगा आईबापांना सांगत नाही, आणि सगळे मिळून रविवारी चांगले कपडे घालून उपासनेला जातात. देवाने पुरवावे म्हणून प्रार्थना करायची आणि ज्यांच्या हातून तो पुरवील त्यांना कळूच द्यायचे नाही, असे चालणार नाही. या चाळीस दिवसांत एकदा तरी घरात बसून खरा हिशेब मांडा. किती येते, किती जाते, कोणाचे किती देणे आहे. बँकेत जाऊन हप्ता पुढे ढकलता येतो का ते विचारा. पाळकांना, फादरांना किंवा मंडळीतल्या एका विश्वासू वडीलधाऱ्याला सांगा. त्या कागदावर हात ठेवून १३ वे स्तोत्र पुन्हा वाचा.

काम आणि झोप यांबद्दल १२७ वे स्तोत्र थोडक्यात पुष्कळ सांगते. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबून कष्टाची भाकर खाणे व्यर्थ आहे, देव आपल्या प्रियांना झोपेतही देतो, असा त्याचा आशय. आळसाला ही परवानगी नाही. त्याच स्तोत्रात घर बांधणारे आहेत, नगराचा पहारेकरी आहे. पहारेकऱ्यालाही पाळी संपली की झोपता यावे, एवढेच ते सांगते. झोपण्याआधी १३१ वे म्हणा. तीनच वचने आहेत. अंगावरचे दूध तुटलेले मूल आईपाशी निवांत असते, ते काही मागत नसते, तसा माझा जीव आहे असे त्यात दावीद म्हणतो.

काही जणांना यातले काहीच जमणार नाही. आठवायला बसले तर चांगले काही आठवत नाही, शब्द तोंडातून निघत नाही. त्यांच्यासाठी ८८ वे स्तोत्र आहे. स्तोत्रसंहितेतले हे सर्वांत काळोखे. बाकीच्या बहुतेक शोकस्तोत्रांत शेवटी थोडा उजेड येतो, यात येत नाही. अंधारावरच ते संपते. पवित्र शास्त्राने ते तसेच राहू दिले, याचा अर्थ अंधारातच संपणारी प्रार्थनाही प्रार्थना असते. तुमच्या घरात कुणी असे असेल तर त्याला स्तुतीची गाणी ऐकवत बसू नका. त्याच्या शेजारी बसून ८८ वाचा, आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. आठवडेच्या आठवडे झोप नसणे, जेवण न जाणे, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलणे, ही आजाराची लक्षणे आहेत. तिथे उशीर करू नये. मानसोपचाराचे औषध घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे.

१२६ वे स्तोत्र शेतकऱ्यांना समजावून सांगावे लागत नाही. रडत रडत पेरणाऱ्याचे चित्र त्यात आहे. घरात दाणा नसताना पोतडीतले बियाणे खाऊन न टाकता मातीत टाकायचे, हे ज्याने केले आहे त्याला ते रडणे कळते. शहरातल्या वाचकाने हे स्तोत्र एखाद्या शेतकरी नातेवाइकाबरोबर बसून वाचावे. बियाण्याचा, खताचा, मजुरीचा खर्च त्याला विचारावा. मग पेंढ्या घेऊन गात परतणाऱ्या माणसाच्या आनंदाची किंमत कळेल.

झावळ्यांच्या रविवारपासून पुढे मी नवे स्तोत्र घ्यायला सांगणार नाही. २२ वे रोज वाचा, आठवडाभर. वधस्तंभावरून प्रभूने ज्या स्तोत्राच्या आरंभाने आक्रोश केला ते हे. शेवटचा श्वास सोडताना त्याने ३१ व्या स्तोत्रातल्या शब्दांत आपला आत्मा पित्याच्या हाती दिला. म्हणजे सर्वांत मोठ्या संकटात देवाच्या पुत्राच्या ओठांवरही स्तोत्रेच होती. त्यांतले एक विचारते की देवाने मला का टाकले, दुसरे म्हणते की मी तुझ्याच हाती आहे, आणि दोन्ही एकाच दुपारची. २२ वे शेवटपर्यंत वाचलेत तर तिथे पुन्हा एक पंगत भेटेल, दीनदुबळे पोटभर जेवतात ती.

त्याच आठवड्यात गुरुवारी रात्री घरच्यांसोबत ११३ ते ११८ ही सहा स्तोत्रे वाटून घेऊन वाचा. वल्हांडणाच्या भोजनाच्या वेळी यहूदी लोक ही म्हणत आले आहेत, आणि शेवटच्या भोजनानंतर प्रभू व शिष्य गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाले असे मत्तय सांगतो. ११८ वे पुन्हा ईस्टरच्या सकाळी वाचायचे आहे, तेव्हा ते एखाद्या मुलाकडून पाठ करून घ्या. पाकीट मात्र ईस्टरपर्यंत ठेवू नका. ते गुरुवारच्या आत पोचलेले बरे, म्हणजे ज्या घरी ते जाईल त्यांच्याकडेही रविवारी काही गोडधोड शिजेल.